देवाचा जोड आणि सहा वर्षांची उधारी

(सदर : विचारा मास्तरांना)

प्रश्न : मास्तर, माझं माहेर कोकणातल्या शिरोड्याजवळचं, सासर साताऱ्याचं, राहायला आम्ही पुण्यात कोथरूडला. काळोखातून जाताना बाबा सांगायचे, घाबरू नकोस, मागे आपला आरवलीचा राखणदार वेतोबा असतो, फक्त मागे वळून बघू नकोस. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून मी वेतोबाशी रोज बोलते. ऑफिसची गाडी रात्री एकला मला चौकात सोडायची. तिथून सोसायटीच्या फाटकापर्यंत चार मिनिटं. ती चार मिनिटं माझी आणि त्याची. कामातल्या कटकटी, मुलाचा ताप, सगळं त्याला सांगायची. पावलं ऐकू यायची असं नाही म्हणणार, पण एकटं वाटायचं नाही.

आता अडचणी ऐका. एक, मी त्याचा फोटो देव्हाऱ्यात ठेवला तर सासूबाई म्हणाल्या, वेताळ म्हणजे भुतांचा राजा, कुळस्वामीच्या शेजारी चालणार नाही. नवरा गप्प. दोन, ही नोकरी लागावी म्हणून मी त्याला चपलांच्या जोडाचा नवस बोलले होते. नोकरी लागून सहा वर्षं झाली, जोड राहूनच गेला. दोन महिन्यांपूर्वी कंपनीने आमची अख्खी टीम कमी केली. तो रागावलाय का? तीन, व्हॉट्सअॅपच्या एका ग्रुपवर एक गुरुजी आहेत. रोज सकाळी फुकट मंत्र पाठवतात. ते म्हणतात, तुमचा वेताळाशी पूर्वजन्मीचा संबंध आहे, अमावास्येपासून ४१ रात्रींचं अनुष्ठान केलं की तो कायमचा तुमचा वैयक्तिक रक्षक होईल. दक्षिणा ५१ हजार. नुकसानभरपाईचे पैसे आलेत, म्हणून विचारते. (नाव छापू नका.)

उत्तर : माझे बाय, तुला अगं-तुगं करतो, रागावू नकोस. शिरोड्याच्या मिठागरांवरून चालत आरवलीला जाणाऱ्यांपैकी मी एक. आमचं गाव तिथून तासाभराच्या वाटेवर. त्यामुळे तू वाचक कमी आणि शेजारची माहेरवाशीण जास्त.

आधी सासूबाईंचं. त्या खोटं बोलत नाहीत. वेताळ हा भुतांचा राजाच. घाटावर त्यांनी जो वेताळ पाहिला असेल तो म्हणजे गावाबाहेर शेंदूर फासलेले गोल धोंडे, आणि अमावास्येच्या रात्री मशाली घेऊन निघणारी पालखी. ती पालखी आडवी आली तर माणूस वाचत नाही, असं ऐकतच त्या वाढल्या असणार. तुम्ही कोथरूडकर तरी काय वेगळे? तुमच्या डोक्यावर वेताळ टेकडी आहे, सेनापती बापट रस्त्यावर वेताळबाबा चौक आहे. पुण्यातली माणसं तिथून रोज जातात आणि सिग्नलला शिव्या देतात.

आरवलीला मात्र हाच भुतांचा राजा माणसाच्या रूपात उभा आहे, नऊ फुटांच्या आसपास, मिशा-बिशा सगळ्या थाटात. गावची देवी सातेरी, आणि हा क्षेत्रपाल. म्हणजे शिवेचा रखवालदार. रात्री गावाच्या हद्दीतून फिरतो, म्हणून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून त्याला नव्या जोडाचा नवस. इतकं सरळ आहे. ज्याच्या ताब्यात भुतं आहेत त्यालाच आम्ही पहाऱ्यावर ठेवलं. साळसूद माणसाला पहाऱ्यावर ठेवून चोर थोडेच घाबरणार?

मी दहा-अकरा वर्षांचा असेन. आईबरोबर गेलो होतो. आई केळ्यांचा घड ठेवून गाऱ्हाणं घालायला उभी, आणि मी तिचा हात सोडून वहाणांच्या ढिगाकडे. माझ्या हातापासून कोपरापर्यंत येईल एवढा एकेक जोड. एक उचलून उलटा केला. टाच झिजलेली होती. दुसरा उलटा केला, तो कोरा. तिसऱ्याला हात घालणार तोच गुरवाने पाठीत एक धपाटा घातला. "देवाचो तळ बघतस?" पुढे मी चाळीस वर्षं विज्ञान शिकवलं, वर्गात पोरांना सांगितलं की चामडं दमटपणाने कुजतं, उंदीर कुरतडतात. तेही खरंच आहे. पण त्या टाचेचं काय झालं असेल हे मला अजून सांगता येत नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते शोधायचंही नाही.

आता फोटोचं. बाय, यात सासूबाईंचं ऐक. अगदी आरवलीच्या नजरेने बघितलं तरी वेतोबा हा देव्हाऱ्यातला देव नव्हे. घरात कुळस्वामी, ओसरीवर तुळस, आणि हा शिवेवर. रखवालदाराला तू स्वयंपाकघराशेजारी पाटावर बसवलंस तर पहारा कोण देणार? फोटो तुझ्या पर्समध्ये ठेव, मोबाइलमध्ये ठेव. नाहीतरी तो तुला रस्त्यावरच भेटायचा. आणि सासूबाईंना एकदा विचार, तुमच्या गावच्या शिवेवर कोण आहे? म्हसोबा, वीर, मुंजा, कुणीतरी असेलच. सातारकडची बाई आहे, नाव काढलंस की अर्धा तास बोलेल.

जोडाचं. माझ्या आजीने सांगितलेला हिशेब असा : देव विसरत नाही, पण देव सावकारही नाही. उशीर झाला म्हणून तो वसुलीला येत नाही आणि व्याजही लावत नाही. तुझ्या कंपनीने अख्खी टीम कमी केली, त्यात आरवली न पाहिलेले किती जण होते? त्यांनी कुठे जोड बोलून ठेवला होता? तेव्हा ती नोकरी गेली ती गेली, तिचं खापर देवावर फोडू नकोस. पण शब्द दिलास, तो तुलाच टोचतोय. तेव्हा जोड देऊन मोकळी हो.

माझीच गोष्ट सांगतो. सातवीच्या परीक्षेसाठी मी एक जोड बोललो होतो. पास झालो, विसरलो. नोकरी लागली, लग्न झालं, दोन पोरं झाली. एकोणीस वर्षांनी एका रात्री वेंगुर्ल्याहून सायकलने येताना माझीच चप्पल तुटली, आणि अनवाणी पॅडल मारताना अचानक आठवलं. दुसऱ्या दिवशी चर्मकाराकडे गेलो. तो म्हणाला, "कोणाचो?" म्हटलं, देवाचा. त्याने माप विचारलं नाही. तूही विचारू नकोस. तिकडच्या कारागिराला 'देवाचो जोड' एवढं सांगितलं की पुरतं. तुला लगेच जाणं जमणार नसेल तर गावी जाणाऱ्या कुणाच्या हाती आधी केळ्यांचा घड पाठव, आणि जोड स्वतः ने. ही गोष्ट कुरिअरने पाठवायची नव्हे.

तिथे गेलीस की गाऱ्हाणं घालायला लाव. ते आठवतंय का तुला? मानकरी उभा राहून म्हणतो, "बा देवा म्हाराजा! आज ह्या लेकरान तुझ्या पायाशी जोड ठेयलो हा, तो मान्य करून घे. काय चुकला-माकला आसात तर पदरात घे. वाटेर, आडवाटेर, रातीच्या काळोखात तिच्या पाठीमागे उभो ऱ्हव, रे म्हाराजा!" आणि आजूबाजूचे सगळे, ज्यांना तुझं नावही ठाऊक नाही ते, एका आवाजात "व्हय म्हाराजा!" म्हणतात.

हे मी मुद्दाम लिहिलं. तुझ्या पत्रात 'माझी आणि त्याची चार मिनिटं' हे वाचताना माझ्या घशाशी आलं. ती मिनिटं तुझीच, कुणाला हिशेब देऊ नकोस. पण कोकणात देवाशी असलेलं नातं दोघांत राहत नाही. तुझं दुखणं तुझ्या तोंडून नाही, दुसऱ्याच्या तोंडून देवापुढे जातं, आणि त्याला होकार भरतो तो गाव. शेजारच्या बाईने गाय हरवल्याचं गाऱ्हाणं घातलं, तिला तू 'व्हय म्हाराजा' म्हटलंस. तुझ्या नोकरीला ती म्हणाली. वेतोबा 'वैयक्तिक' करायचा म्हणजे हे सगळे 'व्हय' म्हणणारे हाकलून द्यायचे. मग उरलं काय? तू, तो, आणि मध्ये ५१ हजार घेणारा एक माणूस.

आता त्या माणसाकडे येऊ. एक पैसा देऊ नकोस.

तुला वेताळपंचविशी ठाऊक आहे, पण तिचा शेवट लोक विसरतात. सोमदेवाच्या अकराव्या शतकातल्या 'कथासरित्सागरा'त राजाचं नाव त्रिविक्रमसेन आहे, आपण त्याला विक्रम म्हणतो. त्याच्या दरबारात एक भिक्षू रोज येऊन एक फळ देई. फुकट. राजा ते कोठारात टाकून देई. एक दिवस फळ माकडाच्या हाती लागलं, फुटलं, आतून रत्न निघालं. मग राजा ओशाळला, आणि भिक्षूने मागितलं म्हणून अमावास्येजवळच्या काळ्या रात्री झाडावरचं प्रेत खांद्यावर टाकून मसणात न्यायला तयार झाला. प्रेतात वेताळ. पुढच्या गोष्टी तुला येतात. शेवटी काय होतं? वेताळच राजाला सांगतो, अरे, त्या भिक्षूला माझी सिद्धी हवी आहे आणि त्यासाठी बळी तुझा जाणार आहे. तो तुला साष्टांग नमस्कार घालायला सांगेल. तू म्हण, मी राजा, मला येत नाही, आधी तुम्ही घालून दाखवा. राजा तसंच म्हणतो, भिक्षू आडवा होतो, आणि त्याचं मुंडकं जातं.

रोज सकाळी फुकट येणारा मंत्र आणि रोज सकाळी फुकट येणारं फळ. बाय, हजार वर्षांत पद्धत फारशी बदललेली नाही. आणि त्या गोष्टीत वेताळ कोणाच्या बाजूने होता तेवढं ध्यानात ठेव. गुरुजींना विचार, ४१ रात्री आधी तुम्ही बसून दाखवता का? त्यांना वेताळ वश असेल तर त्यांना ५१ हजारांची गरज का पडते, हेही विचार हवं तर. मी विचारणार नाही, मी सरळ ब्लॉक करीन.

ते धमकीवर आले, म्हणजे 'आता सोडलंस तर घराला पीडा होईल' वगैरे, तर मेसेज पुसू नकोस, जपून ठेव. महाराष्ट्रात २०१३चा कायदा आहे. त्याचं नाव लांबलचक, नरबळीपासून सुरू होतं आणि जादूटोणा प्रतिबंधावर संपतं. आधी ऑगस्टमध्ये वटहुकूम आला, डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाल्यानंतर काही दिवसांत; मग डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. अतींद्रिय शक्ती अंगात आहे असं सांगून फसवणं, दहशत बसवणं यांना त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. देवाला केळी नि वहाणा वाहणं त्यात बसत नाही. काहीजण मला पत्रं पाठवून विचारतात म्हणून सांगून टाकलं.

अजून एक. तू बोलतेस तोवर ठीक. उद्या तिकडून हुकूम ऐकू येऊ लागले, हे कर, ते सोड, झोप उडाली, तर मंदिरात नव्हे, आधी चांगल्या डॉक्टरकडे जायचं. तुझ्या पत्रावरून तसं वाटत नाही. तुझ्या पत्रावरून मला एवढंच वाटतं की ती चार मिनिटं गेल्याचं तुला नोकरीइतकंच दुःख झालंय, आणि काळोखात मागे कोणीतरी आहे असं सांगणारा आवाज मुळात बाबांचा होता. रात्री जेवण झाल्यावर फाटकापासून चौकापर्यंत एक चक्कर मार. तो काय ऑफिसच्या गाडीतून उतरत नव्हता.

प्रश्न : आम्ही नागपूरचे, निवृत्तीनंतर गोव्यात बार्देशमध्ये छोटा प्लॉट घेतला. पाया खणायच्या आधी स्थानिक गवंडी म्हणतो, जागेवरच्या देवचाराला रोट, सुरा आणि विडी द्यावी लागेल. आमच्या घरात दारूचा थेंब येत नाही. देवचार म्हणजे भूतच ना? त्याला कशाला मान द्यायचा?

उत्तर : भाऊ, तुम्ही येण्याआधी तो तिथे होता, म्हणून. नवीन सोसायटीत राहायला गेल्यावर तुम्ही वॉचमनला चहा विचारता की नाही? देवचार, राखणदार, जाग्यावयलो, वाड्यागणिक नाव बदलेल, काम तेच. म्हापशाला बोडगेश्वराकडे एकदा जाऊन या. हातात दांडा घेऊन शहराची राखण करणारा तो, आणि पौषातल्या त्याच्या जत्रेला लोटणारी गर्दी बघितलीत की 'भूतच ना' हा प्रश्न तुम्ही थोडा हळू आवाजात विचाराल.

दारू तुम्ही प्यायची नाहीये. गवंड्याला पैसे द्या, तो आणेल, तोच ठेवेल. मात्र फक्त त्याच्याच सांगण्यावरून हे उरकू नका. शेजारच्या जुन्या घरातल्या म्हाताऱ्याला विचारा की ह्या जागेचं कोण करायचं, कधी करायचं, काय ठेवायचं. हा प्रश्न विचारायला तुम्ही त्यांच्या पायरीवर गेलात, की पुढची वीस वर्षं तुमच्या घराकडे कोणाचंतरी लक्ष राहील. कोंबडं मागितलं तर नारळावर भागवता येतं का, तेही तिथेच विचारा. बहुतेक ठिकाणी भागतं.

प्रश्न : मी पुरंदर तालुक्यातला, वीरच्या म्हस्कोबाचा भक्त. कॉलेजातला मित्र म्हणतो, म्हस्कोबा म्हणजे म्हसोबा, म्हसोबा म्हणजे महिषासुर, तुम्ही राक्षस पूजता. मी चिडलो, हाणामारी झाली. खरं काय?

उत्तर : हाणामारी कशाला रे? वीरचे पुजारी श्रीनाथ म्हस्कोबाला काळभैरवाचं रूप मानतात, तुझ्या घरात तेच मानत असतील. तुझ्या मित्राने जे सांगितलं तेही हवेतलं नाही. इतिहासकार दा. ध. कोसंबी पुण्याच्या आसपासची ही ठाणी पायी हिंडले आणि १९६२च्या आपल्या पुस्तकात त्यांनी एक गंमत दाखवली : एकीकडे देवी महिषासुराला मारते, आणि दुसरीकडे तोच म्हसोबा जोगूबाई या देवीचा नवरा म्हणून तिच्या शेजारी बसतो. दोन लोकसमूह आधी भांडले असतील, मग त्यांची सोयरीक झाली असेल, असं ते म्हणतात. माघी पौर्णिमेला वीरला देवाचं लग्न लागतं तेव्हा तू अक्षता टाकतोस ना? नवरी कोण असते?

तुला राक्षस हा शब्द लागला. पण जेजुरीला जा. खंडोबाने मणी आणि मल्ल मारले. मरताना मणी शरण आला, त्याने आपला घोडा देवाला दिला, आणि त्याच्या मूर्तीला वाटेत आजही लोक हात जोडतात. मल्लाचं नाव देवाने स्वतःच्या नावात घेतलं, 'मल्हारी' म्हणताना तू मेलेल्या दैत्याचं नाव आधी घेतोस. आणि दिवाळीच्या पाडव्याला तुझी आई ओवाळताना काय म्हणते? इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो. बळी कोण? असुरांचा राजा. वामनाने पाताळात घातला तो. शेतकऱ्याच्या घरात वामनाचं राज्य येवो असं म्हणताना मी अजून कोणाला ऐकलेलं नाही.

मित्राला येत्या माघात वीरला घेऊन जा. गुलालात न्हाऊन घरी येईल तेव्हा त्याला विचार, देव की राक्षस. तोपर्यंत म्हस्कोबाच्या नावाने 'सवाई सर्जाचं चांगभलं' म्हण आणि त्याचा चष्मा फुटला असेल तर भरून दे.